दार न वाजवणाऱ्यांसोबत प्रार्थनेला बसायचं?

प्रश्न : वर्धा रोडवर यांचा अपघात झाला, पायात रॉड टाकावा लागला. इतवारीतलं दुकान वर्षभर बंद होतं. गहाण पडलेले दागिने आत्ता कुठे सुटले. सासूबाई म्हणतात, "मंडळाच्या प्रार्थनेला सगळे चला वं, मी तसं कबूल केलं होतं." पण त्या सतरंजीवर बसणाऱ्यांपैकी, पोळ्यांचा डबा ठेवून जाणाऱ्या वरच्या काकू सोडल्या, तर कोणी आमचं दार वाजवलं नाही. आता भेटले की म्हणतात, "देव पावला जी!" मी का जाऊ?
– एक वाचक, नंदनवन

ताई, राग गिळून हात जोडा, असं मी सांगणार नाही. तुमचा राग रास्त आहे आणि तो मंडळाला ऐकवण्याचा तुम्हाला हक्क आहे. तुमचं मंडळ ज्यांना मानतं, त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेचे 41 अध्याय आहेत. त्यात सामुदायिक प्रार्थनेचा अध्याय आहे, तसे आरोग्याचे, श्रमाचे, गरिबी-श्रीमंतीचेही आहेत. शेजारी दुकानाचं शटर वर्षभर खाली आणि इकडे रोज खंजिरी, हे त्यात कुठे बसतं?

हे मंडळातल्या एखाद्या जाणत्या माणसाला आधी जाऊन विचारा. भांडू नका, पण गुळमुळीतही बोलू नका : "भाऊ, आम्ही अडचणीत होतो, तुम्ही का नाही आले?" बहुधा उत्तर येईल, कसं विचारावं कळलं नाही. लंगडी सबब आहे, पण अगदी खोटी नसावी. आपल्याकडे माणूस लग्नघरी न सांगता राबतो आणि कर्जाचा विषय निघाला की पंख्याकडे बघतो. त्यांना म्हणा, पुढच्या वेळी कोणाच्या घरी असं झालं तर निदान दोघांनी जायचं ठरवा.

सासूबाईंची गोष्ट वेगळी. लेक अंथरुणाला खिळलेला असताना त्या माउलीने काहीतरी कबूल केलं. त्यांना मंडळाच्या वागण्याची शिक्षा कशाला? एक संध्याकाळ त्यांच्यासाठी जा. शब्द ओठांवर आले नाहीत तर म्हणू नका, नुसत्या बसा. आणि बसायचं ते काकूंच्या शेजारी. सगळं पत्र तुम्ही न आलेल्यांवर लिहिलंत, आलेल्या बाईला एक ओळ! त्यांचा डबा भरून परत गेला का, तेही बघा.

यांना मांडी घालता येत नसेल, तर खुर्चीचं आधीच सांगून ठेवा.