रस्ता नसलेली स्वस्त जमीन घ्यावी का?

प्रश्न : मी शेतकरी कुटुंबातील असून तीन वर्षांनी निवृत्त होईन. वाई तालुक्यात एक एकर जमीन 18 लाखांना मिळत आहे. शेजारची रस्त्यालगतची जमीन एकरी 26 लाखांनी गेली. या गटाला स्वतःचा रस्ता नाही. गावरस्ता सुमारे 400 फुटांवर आहे. विक्रेते म्हणतात, मधल्या गटाचे काका पंचवीस वर्षे जाऊ देतात, कधीच अडवत नाहीत. माझ्या 30 लाखांच्या मुदत ठेवी आहेत. व्यवहार करावा का?

उत्तर : विक्रेत्यांनी दिलासा म्हणून सांगितलेले 'काका जाऊ देतात' हे वाक्यच मला या व्यवहारातील सर्वांत मोठी जोखीम वाटते. दुसऱ्याच्या जमिनीवरून वाट किंवा तत्सम वापराच्या हक्काचा कायदा म्हणजे भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882. त्याच्या कलम 15 नुसार वहिवाटीने रस्त्याचा हक्क मिळवायचा, तर 20 वर्षे उघडपणे, शांततेने, विनाखंड आणि मुख्य म्हणजे हक्क म्हणून वापर झालेला असावा लागतो. काकांच्या मर्जीने झालेला वापर पंचवीस वर्षांचा असला, तरी तो परवानगीच ठरण्याची शक्यता मोठी आहे, आणि कलम 59 प्रमाणे मालकाने जमीन विकल्यास अशी परवानगी नव्या मालकावर बंधनकारक राहत नाही. म्हणजे काका जितके भले, तितका आपला दावा कच्चा. कायद्याची ही गंमत महागात पडणारी आहे.

दोन्ही गट पूर्वी एकाच मालकाचे असून वाटणीत किंवा विक्रीत वेगळे झाले असतील आणि दुसरी वाटच उरली नसेल, तर कलम 13 खाली गरजेपोटीचा हक्क मागता येतो. त्यासाठी दोन्ही गटांचे जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी, काढून पाहावेत. गाव नकाशावर शिवरस्ता (शिवेवरचा रस्ता) किंवा पाणंद (शेतांमधून जाणारी वाट) दाखवली आहे का, हेही पाहावे. तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून रस्ता मागता येतो, परंतु त्या निर्णयाने नाराज झालेल्यास एका वर्षात दिवाणी दावा लावता येतो. निवृत्तीची पुंजी घेऊन त्या वाटेला लागणे मला पटत नाही. शिवाय सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम 28 प्रमाणे एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारचा हक्क येत नाही. पायवाट सिद्ध झाली म्हणून ट्रॅक्टर किंवा बांधकामाचा ट्रक नेता येईलच, असे नाही.

आता हिशेब. 12 फूट रुंद आणि 400 फूट लांब पट्टा म्हणजे 4,800 चौरस फूट, साधारण 4.4 गुंठे. एकरी 26 लाख म्हणजे गुंठ्याला 65,000 रुपये, त्यामुळे या पट्ट्याचे मोल सुमारे 2.86 लाख होते. आपल्याला मालकी नको, केवळ वापराचा हक्क हवा आहे. तरीही अडलेल्याकडून दुप्पट मागितले जाईल असे धरू, म्हणजे सुमारे 5.73 लाख. अशा वेळी 8 लाखांच्या सवलतीतून हाती राहतात सव्वादोन लाख. मुद्रांक शुल्क, नोंदणी, मोजणी आणि वकील यांचे दीड लाख धरले, तर एकूण खर्च 25 लाखांच्या वर जातो आणि ठेवींत पावणेपाच लाख उरतात. विहीर आणि कुंपण त्यातून करायचे, की तीन वर्षांनंतरचा घरखर्च चालवायचा, याचे उत्तर आपल्याला आधीच द्यावे लागेल.

म्हणून आजच्या स्थितीत खरेदीखत करू नये, असे माझे मत आहे. हक्क लेखी करून घेण्याचे काम विक्रेत्यांचे आहे. असा हक्क माणसाला नव्हे, जमिनीला चिकटतो आणि पुढील खरेदीदाराकडे जातो, त्यामुळे तो विक्रीपूर्वीच विक्रेत्यांच्या नावावर तयार व्हावा. दस्त नोंदणीकृत असावा, त्यात रुंदी, दिशा, वाहनांचा उल्लेख आणि मोजणीचा नकाशा असावा, आणि काकांच्या सातबाऱ्यावर नावे असलेल्या प्रत्येकाची सही असावी. मुंबईत राहणाऱ्या एका भावाची सही राहिली, की पुढे तोच दारात उभा राहतो! त्या गटावर बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असेल, तर त्यांची संमतीही घ्यावी. दस्तानंतर त्याची नोंद काकांच्या सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' सदरात करून घ्यावी.

विक्रेत्यांना हे मान्य असेल, तर 50,000 रुपयांच्या वर इसार (आगाऊ रक्कम) न देता साठेखत, म्हणजे पुढे विक्री करण्याचा लेखी करार, करावे आणि ठरलेल्या मुदतीत रस्त्याचा दस्त न झाल्यास इसार परत मिळेल, ही अट त्यात घालावी. काकांचा मोबदला विक्रेत्यांनी द्यावा किंवा तेवढी किंमत कमी करावी. काकांनीच सहीला नकार दिला, तर किंमत 12 लाखांवर आली तरी मी आपल्याला ही जमीन घ्या म्हणणार नाही, कारण उद्या विकायला गेल्यावर आपल्यालाही हाच प्रश्न विचारला जाईल. तोवर एकही ठेव मुदतीपूर्वी मोडू नये.