आमचूर गटाला पैसा कुठून आणायचा (उत्तर लांबलंय, सांभाळून घ्या)

ताई, तुमच्या पोस्टमधलं ‘सभासदांच्या नावात तफावत, सबब प्रस्ताव त्रुटीपूर्ततेसाठी परत’ हे वाक्य वाचलं आणि डोकंच सटकलं. तुमच्यावर नाही हो. हेच वाक्य आमच्या फाइलवर पण होतं, अगदी त्या ‘सबब’सकट. तुम्ही विचारलंय की अक्कलकुव्याकडच्या (नंदुरबार) चार बचत गटांच्या बायका आमचूर आणि मोहाचे लाडू करतात, ड्रायर आणि पल्व्हरायझरला (दळायचं यंत्र) अनुदान हवंय, तर सेक्शन आठ कंपनी (नफा न वाटणारी सेवाभावी कंपनी) काढावी का आणि सीएसआर (कंपन्या समाजकामाला देतात तो पैसा) मिळेल का. मी धडगावच्या बाजूला गटांबरोबर काम करते. वकील नाही, सीए नाही, आणि योजनांच्या मुदती नि आकडे बदलत राहतात म्हणून अर्ज करण्याआधी एकदा विचारून घ्या. ठराव, रजिस्टर, पासबुक, पंचसूत्री (गट चालवायचे पाच नियम) हे सगळं तुमचं नीट असणारच, त्यात शिरत नाही.

आधी ती तफावत. आदिवासी योजनांना लागणारा जातीचा दाखला निघतो बापाच्या कागदांवरून, म्हणजे माहेरच्या नावाने. आधार लग्नानंतरचं. समजा दाखल्यावर ‘सेवलीबाई खेमा पावरा’, आधारवर ‘सेवलीबाई दित्या पाडवी’ आणि बँकेच्या पासबुकात ‘शेवलीबाई’. बाई एकच, समोर उभी, अंगठा तोच, पण कागदावर तीन बायका. आमच्या फाइलवर जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका ऑफिसने (नाव घेत नाही, आम्हाला तिथे परत जायचंय) ही त्रुटी काढली. ठीक आहे, काढू दे. सगळ्यांची प्रतिज्ञापत्रं करून दिली. मग म्हणाले ठरावावर तारीख जुनी आहे. नवा ठराव दिला, तर म्हणाले कोटेशन तीन पाहिजेत, दोनच आहेत. तिसरं दिलं तोवर पहिल्या दोघांची मुदत संपली. एका वेळी एकच त्रुटी काढायची आणि ती भागली की दुसरी दाखवायची, जणू सगळ्या एकदम सांगितल्या तर साहेबांना काम उरणार नाही!

आणि सगळ्यात शेवटी निघाली ती खरी मेख. आमच्याकडे नर्मदाकाठच्या गावांतून पोरी पलीकडे देतात, पलीकडून आणतात, पलीकडे म्हणजे मध्य प्रदेश, नाहीतर खाली गुजरात. सोयरीक जुनी आहे, राज्यांच्या हद्दी नंतर आल्या. पण अनुसूचित जमातीची यादी राज्यावार आहे, आणि दाखल्यासाठी महाराष्ट्रात 6 सप्टेंबर 1950 च्या आधीपासूनचा रहिवास दाखवावा लागतो, तो पण बापाकडचा. नवऱ्याचा चालत नाही कारण लग्नाने जमात बदलत नाही. म्हणजे जी बाई पलीकडून लग्न होऊन आली, तिला दाखला तिच्या बापाच्या राज्याचा आणि इथल्या राज्याच्या योजनेत तो धरत नाहीत. कायदा आहे, त्यावर माझी तक्रार नाही. तक्रार ही आहे की हे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. सभासदांची यादी त्यांच्याच टेबलावर पडून होती.

नुकसान काय झालं ते ऐका. आमचूरचं काम एप्रिल-मे मध्ये, वळवाच्या आत. कैरी झाडावरून उतरली की सोलायची, फोडी करायच्या, वाळवायच्या, आणि फोड पांढरी राहिली तरच भाव. एक सर आली की माल काळा पडतो, मग व्यापारी हातात घेऊन नुसता वास घेतो आणि पाडून मागतो, आणि बाई देते कारण घरी पोतं ठेवलं तर अजून काळं होणार. त्या हंगामात गटाकडे खरेदीला पैसा नव्हता म्हणून बायकांनी व्यापाऱ्याकडून उचल घेतली, उचल घेतली की माल त्यालाच आणि दर तो सांगेल तो. आमची मंजुरी आली आषाढात. वरून पत्र, की खर्च 31 मार्चच्या आत दाखवा आणि विनियोग प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावरच खर्चला याचं) द्या. मार्चच्या आत कैरी कुठून आणायची? मग काय, सगळा पैसा मशीनमध्ये. मशीन यादीतल्याच सप्लायरचं, थ्री फेजवर चालणारं. पाड्यावर सिंगल फेज. असो.

म्हणून माझं मत (पटलं नाही तर सोडून द्या) असं की मशीनचा पैसा शेवटी बघा. मशीनला पैसा देणारे खूप आहेत, फोटो चांगला येतो, फीत कापता येते. एप्रिलमध्ये बाईच्या हातावर रोख ठेवायला लागणारं खेळतं भांडवल द्यायला कोणी येत नाही, आणि बाईचं उत्पन्न वाढतं ते त्यानेच. ती उचलीतून सुटली की दर तिच्या हातात येतो. ड्रायर नसला तरी ताडपत्रीवर माल निघतो हो, पिढ्यान्‌पिढ्या निघतोय.

आणि त्यातही जातीचा दाखला न मागणारा पैसा आधी. उमेदचा (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) फिरता निधी आणि समुदाय गुंतवणूक निधी, मग बँकेचं गट-कर्ज. रिझर्व्ह बँकेचं सरळ सांगणं आहे की बचत गटाला 10 लाखांपर्यंत तारण मागायचं नाही. तरी मॅनेजर ‘एखादी एफडी ठेवा ना’ म्हणतोच, तेव्हा गोड बोलून ते लेखी मागा. पीएमएफएमई (प्रक्रिया उद्योगवाली केंद्राची योजना) म्हटलं की सगळे त्यातल्या 35 टक्के मशीन-अनुदानाच्या मागे धावतात, पण त्यात गटातल्या प्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक सभासदामागे 40,000 पर्यंत बीज भांडवल आहे आणि ते खेळत्या भांडवलाला नि छोट्या अवजारांना चालतं. उमेदच्या प्रभाग संघामार्फत (परिसरातल्या गटांचा संघ) जातं. तिकडच्या ताईंना आधी भेटा. योजनेची मुदत संपलीय का तेवढं विचारा.

दाखला लागतो तिथलं नंतर. वन धनमध्ये (वनोपजावर प्रक्रियेची केंद्राची योजना) साधारण 300 जणींचं केंद्र लागतं, 20 जणींचे 15 गट, आणि केंद्राला 15 लाखांपर्यंत. चार गटांवर ते होणार नाही, शेजारच्या गावांना धरावं लागेल. राज्यात हे शबरी महामंडळ (राज्याचं आदिवासी वित्त महामंडळ) बघतं. आदिवासी महिला सशक्तीकरण योजना एकेकटीला बरी आहे, 2 लाखांपर्यंतच्या धंद्याला 4 टक्के व्याजाने, पण ते कर्ज आहे, अनुदान नाही. मीटिंगमध्ये हे तीनदा सांगा, नंतर गावात भांडणं होतात.

पलीकडून आलेल्या बायकांना गटातून काढू नका. आम्हाला पण तसा सल्ला मिळाला होता, ‘चार नावं वगळा, फाइल पास’. आमच्याकडे सगळ्यात चांगली फोड कापणारी बाई त्यातलीच आहे. गट जसाच्या तसा ठेवायचा, त्या योजनेचा अर्ज फक्त दाखला असलेल्यांचा करायचा, आणि वाटणी कशी होणार ते आधीच ठरावात लिहायचं.

आता कंपनी. सीएसआरसाठी नवी सेक्शन आठ काढायची म्हणताय ना, थांबा. नवीन संस्थेला कंपन्या पैसे देऊच शकत नाहीत. स्वतः कंपनीने किंवा सरकारने काढलेली नसेल तर तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, वर आयकराची 12ए, 80जी नोंदणी आणि कंपनी मंत्रालयाकडची सीएसआर-1 नोंदणी. शिवाय सेक्शन आठमध्ये नफा वाटता येत नाही, मग बायकांना वर्षाखेरीला बोनस कशातून देणार? माल विकून सभासदांना वाटायचं असेल तर उत्पादक कंपनी बरी, दहा जणींवर होते. पण तिला सीएसआर थेट येत नाही आणि दरवर्षीचा सीएचा खर्च आहेच. चार गटांना मी तरी आज दोन्हीतलं काहीच काढलं नसतं.

सीएसआर हवाच असेल तर जुन्या, ओळखीच्या संस्थेमार्फत घ्या. मग करारात एकच ओळ बघायची, ड्रायरची मालकी कोणाची. संस्था म्हणते ‘नियमाने आमच्याच नावावर ठेवावा लागतो’. नाही लागत. सीएसआरच्या नियमात लाभार्थ्यांच्या बचत गटाच्या नावावर मालमत्ता ठेवता येते असं स्पष्ट आहे. ही ओळ नसेल तर प्रकल्प संपल्यावर टेम्पो येतो आणि ड्रायर दुसऱ्या तालुक्यात जातो. बघितलंय. आणि सोशल स्टॉक एक्स्चेंज (सामाजिक संस्थांसाठीचा शेअर बाजार) वगैरे कोणी सुचवलं तर चहा पाजून वाटेला लावा.

परत त्रुटीकडे. एकच पत्र द्या, ‘सर्व त्रुटी एकाच वेळी लेखी कळवाव्यात’, आवक क्रमांक घ्या, पोच फोटो काढून ठेवा. उत्तर नाही आलं तर माहितीच्या अधिकारात फाइलची टिपणी मागा, टिपणीत कोणाच्या टेबलावर किती दिवस ते दिसतं. ज्यांचे दाखले अजून निघायचेत त्यांना लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील आहे. दाखल्याच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, बाहेरचा स्टॅम्पवाला 500 चा पेपर गळ्यात मारायला बघतो, घेऊ नका. आणि नाव दुरुस्त करायचंच झालं तर आधी पासबुक करा, ते शाखेतच होतं.

मोहाचं वेगळं विचारा, त्यात पण 2021 मध्ये मोहफुलांवरची बंधनं उठवल्याचं खालच्या चेकपोस्टला माहीत नसतं म्हणून शासन निर्णयाची प्रत गाडीत ठेवावी लागते. बँकेत मात्र मार्चमध्ये जाऊ नका, कोणी बोलत पण नाही. दिवाळीनंतर जा आणि मुदत कर्जाऐवजी सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट मागा. जेवढं उचलाल त्यावरच व्याज लागतं, आणि पैसा होळीच्या आत खात्यावर तयार असतो.