पुण्यात खोलीवर राहून फळांचे केक करायचे आहेत, ओव्हन नाही. सुरुवात कशी करू?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: पहिल्या वर्षाला आहेस, कर्वेनगरला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहतेस, फळं घालून केक आणि मफिन करायचं वेड लागलंय, ओव्हन नाही, कृती मापाप्रमाणे केली तरी फळ घातलं की केक मधे ओला राहतो, आणि घरचे विचारतात की अभ्यास सोडून हे काय चाललंय. मी तिसऱ्या वर्षाला आहे, रसायनशास्त्राला. त्यामुळे अहो-जाहो न करता सरळ ‘तू’ म्हणते.

आधी ओल्या केकचं. माझा पहिला फळांचा केक स्ट्रॉबेरीचा होता. जानेवारीत महाबळेश्वर-पाचगणीचा माल पुण्यात गाडीगाडीवर दिसायला लागतो, तेव्हा मी पाव किलो स्ट्रॉबेरी आणली आणि तुकडे करून सरळ पिठात कालवली. वरून केक छान तांबूस झाला. कापला तर प्रत्येक तुकड्याभोवती कच्च्या पिठाचं ओलं कडं. मला वाटलं आच कमी पडली, म्हणून पुढच्या वेळी पंधरा मिनिटं जास्त ठेवला. कडा वातड झाल्या आणि मधलं ओलं ते ओलंच. चूक आचेची नव्हतीच. शंभर ग्रॅम स्ट्रॉबेरीत नव्वद ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. कृतीतलं दूध मी काट्यावर मोजलं होतं, आणि फळाबरोबर आणखी मोठी वाटीभर पाणी न मोजता ओतलं होतं.

आता मी स्ट्रॉबेरी आधी आटवून घेते. अर्धी चिरायची, वर चमचाभर साखर भुरभुरायची, दहा मिनिटं थांबायचं. साखर फळातलं पाणी बाहेर ओढते. मग पसरट पॅनमध्ये मंद आचेवर, फार न ढवळता, रस चिकट होईपर्यंत ठेवायची. पाव किलोचं निम्मं उरतं, पण त्या निम्म्यात चव सगळी असते. ती केकमध्ये घाल, तुकड्यांभोवतीचं ओलं कडं जातं की नाही बघ.

मला तुला सांगायचंय ते हेच. कृती निवडून मग फळ आणायला जाऊ नकोस. आधी फळ आण. त्यात पाणी किती, आंबटपणा किती, विस्तवाने त्याचं काय होतं हे समजून घे, आणि मग त्याचं काय करायचं ते ठरव. परदेशी कृतींतली फळं, सफरचंद किंवा ब्लूबेरी, आपल्या फळांसारखी वागत नाहीत. त्यांच्या जागी आपलं फळ तितक्याच वजनाने घातलं की गडबड होते.

सीताफळाने मला हे सगळ्यात जास्त शिकवलं. माझी आत्या सासवडला असते आणि पुरंदरचं सीताफळ तिच्याकडून पिशवी भरून येतं. स्ट्रॉबेरीनंतरच्या दिवाळीत मी तासभर बसून बिया काढल्या, गर काढला आणि त्याचा केक भाजला. कडू झाला. तोंडात रेंगाळणारा कडूपणा, साखर असूनही. मी फोन केला तर आत्याने पहिला प्रश्न विचारला, “गर चुलीवर चढवलास का गं?” सीताफळाचा गर तापवला की कडसर होतो, हे तिला पाठ होतं. सीताफळाच्या बासुंदीतसुद्धा दूध आटवून, पूर्ण गार करून मगच गर घालतात. मी लहानपणापासून ती बासुंदी खात आले होते आणि असं का करतात हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आता मी साध्या बिस्किटाचा तळ भाजते, गार करते, आणि त्यावर घट्ट चक्क्यात कालवलेला सीताफळाचा गर पसरते. भाजायचं फक्त बिस्कीट. बिया मात्र नीट मोजून बाहेर काढ, मिक्सरमध्ये एकही जाता कामा नये; त्या विषारी असतात.

अननसाचं बरोबर उलटं. कच्चा अननस दुधात, दह्यात किंवा क्रीममध्ये घालून ठेवला तर काही वेळाने कडू लागतो, कारण त्यातलं ब्रोमेलेन नावाचं विकर (एन्झाइम) दुधातली प्रथिनं तोडतं. जिलेटीनची जेलीही त्यामुळेच लागत नाही. पाच-सात मिनिटं साखरेत शिजवलास की विकर निकामी होतं आणि मग तो कशातही घाल. लग्नातल्या अननसाच्या शिऱ्यात फोडी आधी पाकात शिजवतात, ते काही नुसतं चवीसाठी नाही. म्हणजे एक फळ शिजवल्याशिवाय दुधाजवळ न्यायचं नाही आणि दुसरं शिजवायचंच नाही. हे कुठल्याही केकच्या कृतीत एका ओळीत लिहिलेलं सापडणार नाही, पण आत्यासारख्या बायकांना विचारलंस तर लगेच कळतं. विचारत जा.

जांभळाचा केक मी जूनमध्ये केला तेव्हा तो राखाडी-निळा निघाला. चव चांगली होती, रंग बघून कुणी हात लावेना. जांभळातला रंग अँथोसायनिनचा, प्रयोगशाळेतल्या लिटमससारखा: आम्लात लाल, अल्कलीत निळा-हिरवट. मी खायचा सोडा सढळ हाताने घातला होता. सोडा कमी करून बेकिंग पावडर वापरली, दही आणि लिंबाचा रस वाढवला, तर पुढचा केक छान जांभळट आला. लाल कोबीचा रस घेऊन हाच प्रयोग आम्ही शाळेत केला होता. तेव्हा गुणांसाठी केला होता, जांभळाच्या केकनंतर तो मला खऱ्या अर्थाने कळला.

हापूस भाजू नकोस, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्याचा जीव त्याच्या वासात असतो आणि वास पहिल्या वीस मिनिटांत घरभर पसरून जातो, केकमध्ये उरत नाही. आंब्याचा केक करायचाच तर साधा केक भाजून वर ताज्या फोडी लाव. उतरलेल्या आंब्याचा रस असेल तर तो आटवून पोळी घाल.

केळं सुरुवातीला उत्तम. साल काळी पडलेली, कुणी खात नाही अशी तीन केळी घे, कारण पिकता पिकता त्यातल्या पिठूळ स्टार्चची साखर होते. कुस्करून साधारण तीनशे ग्रॅम गर, दोनशे ग्रॅम पीठ (मी निम्मी कणीक घेते), शंभर ग्रॅम गूळ, ऐंशी मिली तेल, चार चमचे दही, पाऊण चमचा सोडा, चिमूट मीठ. अंडं नको, फेटायला यंत्र नको. केळ्याचा ओलावा त्याच्या गरात धरलेला असतो, स्ट्रॉबेरीसारखा सुटून वाहत नाही, म्हणून हा सहसा फसत नाही. पहिला प्रयत्न यावर कर.

पेरूबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण त्याच्याकडे कुणी बघत नाही. पेरूत पेक्टिन, म्हणजे जॅम-जेली घट्ट करणारा फळातला पदार्थ, भरपूर असतं. म्हणून त्याचा गर चाळणीतून गाळून साखरेत आटवला की जिलेटीन न घालता वडी पडते. अर्धा किलो गराला साडेतीनशे ग्रॅम साखर आणि एका लिंबाचा रस, जाड बुडाचं भांडं, आणि हात न थांबवता ढवळणं. गर भांड्याच्या कडा सोडायला लागला की तूप लावलेल्या ताटात थाप. हिवाळ्यात मी ही डब्यात घालून कॉलेजला नेते आणि पहिल्या तासाच्या आत डबा रिकामा होतो. बिस्किटांमध्ये भरायलाही हीच वडी वापर, ती भाजताना पसरत नाही.

आता ओव्हनचं. माझ्या आईची आई राजापूरजवळची. तिच्याकडे ओव्हन नव्हता पण ती धोंडस करायची: तवसं (मोठी काकडी) किसून, त्यात तांदळाचा रवा, गूळ, खोबरं, आणि पातेल्याला खाली विस्तव आणि झाकणावरही निखारे. वरून-खालून आच, म्हणजे ओव्हन आणखी वेगळं काय करतो? तुझ्याकडे जाड बुडाची कढई असेल तर तळाला बोटभर जाडीचा मिठाचा थर दे, त्यावर स्टँड, वर घट्ट झाकण, आणि दहा मिनिटं मध्यम आचेवर तापू दे. मग केकचं भांडं ठेवून आच अगदी मंद कर. प्रेशर कुकर मी वापरत नाही. कोरडा तापवून त्याचं नुकसान होतं आणि वरणभातासाठी तो रोज लागतो. कढईतल्या केकला वरून रंग येत नाही, कारण वर निखारे नाहीत. ते मान्य कर, किंवा शेवटची दहा मिनिटं झाकणावर तापवलेला तवा ठेव. पहिली तीस मिनिटं झाकण उघडायचं नाही. त्यानंतर एकदा उघडून झाकणाला आतून धरलेलं पाणी पुसून घे, नाहीतर तेच थेंब केकवर पडतात.

पैसे घालायचेच असतील तर आधी वजनकाट्यात घाल. चार घरच्या चार वाट्या असतात, वाटीच्या मापाने तुला कधीच कळणार नाही की काय बिघडलं. केकची भांडी, बटर पेपर, काटा हे सगळं रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतं. शनिवार-रविवारची गर्दी टाळ. ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, मी दीड वर्षाने घेतला, शिकवणीच्या पैशांतून. तासाभराला साधारण एक युनिट वीज लागते, तेव्हा वीजबिल घरमालकांकडे असेल तर आधी त्यांच्याशी बोलून घे. फळं मंडईत संध्याकाळी उशिरा घे. डागी आणि फार पिकलेला माल विक्रेते कमी भावात देतात, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं. भाजायला निघालेल्या फळाचं रूप कशाला बघायचं?

घरच्यांचं. ते अगदीच चुकीचं बोलतायत असं मी म्हणणार नाही. माझ्या दुसऱ्या सत्रात मी परीक्षेच्या आदल्या रविवारी टार्ट करत बसले होते आणि त्या विषयात गुण गेले. तेव्हापासून रविवार सकाळ ते दुपारी एक एवढाच वेळ, आणि परीक्षेच्या महिन्यात फक्त खायचं, करायचं नाही. पण एक गोष्ट त्यांना सांग. मी वहीत दर वेळी फळाचं वजन, आटवल्यानंतरचं वजन, आच, वेळ आणि काय बिघडलं ते लिहिते. एका वेळी एकच गोष्ट बदलते. प्रयोगवहीत मी आधी निष्कर्ष आणि मग निरीक्षण लिहायची, ती सवय या केकच्या वहीने मोडली. माझ्या बाबांना मी ती वही दाखवली, तेव्हापासून ते विचारतात की या आठवड्यात काय बदललंस. विकायचा विचार मनात असेल तर मात्र घाई नको. घरून विकलं तरी अन्न नोंदणी करावी लागते आणि ऑर्डरची तारीख परीक्षा बघून येत नाही.

सध्या मार्च आहे, तेव्हा पुरंदरची मीठा बहाराची (उन्हाळ्याच्या तोंडावरच्या हंगामाची) अंजिरं बाजारात येतायत. केळ्याचा एक केक जमला की हा कर, कढईत चांगला होतो. दोनशे ग्रॅम बारीक रवा, दीडशे ग्रॅम दही, दीडशे ग्रॅम साखर, सत्तर ग्रॅम पातळ केलेलं तूप, अर्धा कप दूध एकत्र करून अर्धा तास झाकून ठेव. रवा फुगून मिश्रण घट्ट होईल, ते ओतता येईल एवढं दूध आणखी घाल. भांड्यात ओतायच्या अगदी आधी पाऊण चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा. सहा-सात अंजिरं उभी अर्धी कापून, कापलेली बाजू वर ठेवून मिश्रणावर मांड, दाबू नकोस. अंजिराचा रस सुटतो तो खालचा रवा पिऊन टाकतो, म्हणून इथे आटवायची गरज नाही. आजीच्या धोंडसातही तवशाचं पाणी रवाच प्यायचा. मंद आचेवर पंचेचाळीस ते पन्नास मिनिटं. सुरी अंजिरात नको, रव्यात खुपसून बघ, कोरडी आली की उतरव.

आणि गरम असताना कापू नकोस. संध्याकाळपर्यंत ठेव, रस रव्यात मुरायला तेवढा वेळ लागतो. कसा झाला ते इथे लिही, ओला राहिला तर फळाचं वजनही लिही.