घरच्या गिरणीवर फळ्या : वाचकांचे प्रश्न

परसदारी लावता येणाऱ्या छोट्या बँडसॉ गिरणीबद्दल, म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या ब्लेडने ओंडक्याच्या फळ्या पाडणाऱ्या पोर्टेबल सॉ-मिलबद्दल, किनारपट्टीवरून बरीच पत्रे आली आहेत. ज्यांत अडचण मोजमापासह मांडली आहे ती पत्रे आधी घेतली आहेत.

प्रश्न : परड्यात रायवळ आंब्याची चार जुनी झाडे आणि दोन फणस आहेत. ओंडके गिरणीवर नेण्याचे भाडे परवडत नाही. ९ एचपीचे पोर्टेबल मशीन घ्यावे का? (गुहागर)

उत्तर : सहा झाडांसाठी घेऊ नका. पहिली अडचण मापाची आहे. जुन्या रायवळीचा बुंधा सहज ८ फूट घेराचा असतो, म्हणजे व्यास साडेतीस इंच. या ताकदीच्या मशीनमधून २० ते २२ इंचांपर्यंतचा ओंडका नीट जातो. उत्तम लाकूड बुंध्यात, आणि नेमका तोच मशीनवर चढत नाही. तो आधी चेनसॉने उभा चिरावा लागेल. फांद्या चढतील, पण आडव्या वाढलेल्या जाड फांदीच्या लाकडात ताण असतो, त्यामुळे फळी सुटता सुटताच वाकते.

लाकूड किती निघेल याचा हिशेब गिरणीवाल्यांच्या रीतीने घरीच करता येतो. घेराच्या चौथ्या हिश्शाचा वर्ग करायचा, त्याला लांबीने गुणायचे. घेर ६० इंच आणि लांबी ८ फूट असेल तर १५ × १५ × ८ भागिले १४४, म्हणजे साडेबारा घनफूट. प्रत्यक्षात त्या ओंडक्यात १६ घनफुटांच्या आसपास लाकूड असते आणि त्यातून चांगल्या फळ्या ८ ते ९ घनफूट सुटतात. बँडसॉचे ब्लेड एका कापात जेमतेम २ मिलिमीटर लाकूड खाते, चेनसॉ ९ ते १०. दहा कापांत हा फरक इंची तीन फळ्यांइतका होतो. मशीनची खरी कमाई ही आहे. पण ती दरवर्षी पंधरा-वीस ओंडके कापणाऱ्याला दिसते. आणखी एक, हाच ओंडका ओला असताना चारशे किलोंच्या पुढे भरतो. चेनपुली, दोन पहारी आणि तीन जाणती माणसे यांचा खर्च मशीनच्या किमतीत धरायला हवा.

आता परवान्याविषयी. आंबा आणि फणस दोन्ही १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत, म्हणजे स्वतःच्या जमिनीतले झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. सॉ-मिलला वनखात्याचा परवाना लागतो, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या आदेशापासून नव्या गिरण्यांवर कडक नियंत्रण आहे. ‘चाकांवरचे मशीन, ते कुठे गिरणीत मोडते’ असे विक्रेता म्हणेल. त्याच्या तोंडी सांगण्यावर पैसे गुंतवू नका. मशीनचे माहितीपत्रक, सातबारा आणि वापराचा हेतू जोडून उपवनसंरक्षकांकडे अर्ज करा आणि उत्तर लेखीच घ्या. रत्नागिरी जिल्ह्यासाठी हे कार्यालय चिपळूणला आहे, सिंधुदुर्गासाठी सावंतवाडीला. उत्तर हाती येईपर्यंत आगाऊ रक्कमही देऊ नका.

प्रश्न : फणसाच्या पहिल्या दोन फळ्या सरळ निघतात. तिसऱ्या फळीपासून ब्लेड मध्येच वर चढते. फळी कडेला १ इंच २ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), मध्ये १ इंच, अशी लाट येते. ब्लेड नवीन आहे, ताणही पुस्तिकेप्रमाणे दिला आहे. (राजापूर)

उत्तर : दोन फळ्या सरळ येतात याचा अर्थ मशीनची बैठक ठीक आहे आणि बिघाड कापता कापता होतो आहे. फणसात पहिला संशय चिकाचा.

तिसऱ्या फळीनंतर इंजिन बंद करा, प्लगची वायर काढा, हातमोजे घाला आणि ब्लेड जवळून पाहा. दातांच्या मधल्या खाचेत पिवळट-तपकिरी लेप बसलेला असेल, नखाने खरवडला तर मेणासारखा सुटेल. खाच भरली की भुश्याला बाहेर पडायला जागा उरत नाही. तो ब्लेडच्या बाजूंना घासतो, ब्लेड तापते, तापून लांबते, आणि सकाळी दिलेला ताण तिथेच सैल पडतो. सैल ब्लेडला जिकडे मऊ लाकूड सापडेल तिकडे ते वळते. म्हणून ताण नुसता वाढवून उपयोग नाही, उलट ब्लेडला लवकर तडा जातो. ५ लिटर पाण्यात भांडी घासायच्या पातळ साबणाचे एक झाकण टाका आणि ब्लेड लाकडात शिरते त्याच्या अलीकडे थेंबथेंब सोडा. ब्लेड ओलसर दिसले की पुरे, पाण्याची धार सोडायची गरज नाही. ओंडका संपल्यावर लाकडाबाहेर अर्धा मिनिट ब्लेड पाण्यासह फिरू द्या, म्हणजे उरलेला चीक निघतो.

एवढ्यानेही लाट राहिली तर मार्गदर्शक रोलर पाहा. रोलरची कड आणि ब्लेडची पाठ यांत एक सूत अंतर हवे. रोलरने ब्लेडला मूळ रेषेपासून साधारण दोन सूत खाली दाबलेले हवे. सरकता रोलर ओंडक्याच्या जितका जवळ आणाल तितके चांगले. अरुंद ओंडका घेताना तो मागेच राहून जातो आणि मधले मोकळे ब्लेड नाचते. ही चूक सर्वांत जास्त दिसते.

तुमचे ब्लेड दर वेळी वरच चढते असे लिहिले आहे, तेव्हा दातांकडेही बघा. एका बाजूचे दात बोथट झाले तर ब्लेड धारदार बाजूकडे ओढले जाते. नव्या ब्लेडचे दात असे जातात ते बहुधा मातीने. जांभ्याच्या तांबड्या चिखलातून ओढत आणलेल्या ओंडक्याची साल म्हणजे दातांना सहाणच. ज्या बाजूने ब्लेड आत शिरते त्या बाजूची साल कोयत्याने तासून टाका. त्या बाजूची माती ब्लेड संपूर्ण कापातून ओढत नेते, बाहेर पडते त्या बाजूची माती बाहेरच उडते. भुसाही हातात घेऊन बघत जा. रव्यासारखा आणि गार असेल तर ब्लेड चांगले चालले आहे. पिठासारखा आणि गरम लागला की ब्लेड उतरवून धार करा, ‘एवढा ओंडका होऊ दे’ म्हणून थांबू नका.

प्रश्न : निसर्ग चक्रीवादळात (जून २०२०) पडलेले तीन माड आणि एक फणस अजून आवारात आहेत. कापण्याजोगे आहेत का? (श्रीवर्धन)

उत्तर : माड सोडून द्या. उघड्यावर इतकी वर्षे पडलेल्या माडाच्या आत भुगाच असतो. फणस तपासण्यासारखा आहे. बाहेरचे पांढरे लाकूड गेले असेल, पण आतला पिवळा नार टिकाऊ असतो. टोकाकडून हातभर तुकडा कापून टाका आणि नव्या तोंडावर पहारेने ठोका. टणक आवाज आला आणि पहारेचे टोक आत रुतले नाही तर कापा. बद्द आवाज आला तर जळण. मात्र फणस अनुसूचीतला आहे, म्हणून पडलेला असला तरी वनपरिक्षेत्र कार्यालयात कळवून मगच हात लावा.

पुढच्या वेळी माड पडला तर दोन-तीन आठवड्यांत कापा. माडात इतर झाडांसारखा मधला नार नसतो. कठीण लाकूड बाहेरच्या कड्यात आणि बुडाकडे, मध्ये मऊ काथ्या. वासे, रिपा बाहेरच्या कड्यातूनच काढा, मधल्या लाकडावर भार देऊ नका. माडात वाळूसारखी सिलिका असते, साधे ब्लेड काही कापांतच बोथट होते. कार्बाइडच्या टोकांचे ब्लेड वापरा.

प्रश्न : आंब्याच्या इंची फळ्या जूनच्या सुरुवातीला कापून पडवीत रचल्या. ऑगस्टपर्यंत निळ्या-काळ्या पडल्या, आता बारीक भोकांतून पीठ गळते. लाकूडच वाईट होते का? (वेंगुर्ले)

उत्तर : लाकूड चांगले होते, महिना चुकला. किनाऱ्यावर पावसाळ्यात हवेतला ओलावा ८५ टक्क्यांच्या वर राहतो. अशा हवेत लाकूड १७-१८ टक्क्यांच्या खाली वाळत नाही, आणि ताजी फळी तर त्याच्या कितीतरी वर अडकून बसते. निळी बुरशी साधारण २० टक्क्यांच्या वर वाढते. तुमच्या फळ्यांनी तिला तीन महिने दिले. निळेपणाने ताकद जात नाही, रंग लावायच्या कामाला त्या फळ्या चालतील. पीठ मात्र भुंगेऱ्याचे आहे. तो लाकडातला स्टार्च खातो आणि आंब्यात स्टार्च भरपूर.

म्हणून आमचे सांगणे असे की कोकणात मशीनचे वेळापत्रक पंचांगाला बांधा. तोड दिवाळीनंतर, कापणी त्याच पंधरवड्यात, आणि होळीनंतर नवा ओंडका घेऊच नका. नोव्हेंबरात कापलेल्या इंची फळीला मेअखेरपर्यंत कोरडी हवा मिळते.

कापल्या दिवशीच बोरॅक्सचे पाणी द्या. १० लिटर कोमट पाण्यात ६०० ग्रॅम बोरॅक्स आणि ४०० ग्रॅम बोरिक अॅसिड पूर्ण विरघळवा, ताजी ओली फळी त्यात दहा मिनिटे बुडवा, मग फळ्या एकावर एक ठेवून प्लॅस्टिकमध्ये दोन-तीन आठवडे गुंडाळून ठेवा. औषध ओल्या लाकडातूनच आत मुरते, वाळलेल्या फळीवर ते वरच राहते. हे पाणी पावसाने धुऊन जाते, तेव्हा हा उपाय छपराखालच्या लाकडासाठीच. हातमोजे घाला, आणि उरलेले पाणी विहिरीच्या किंवा गोठ्याच्या आसपास ओतू नका.

मग रचाई. जमिनीपासून दीड फूट वर, चिऱ्यांवर तीन-चार समपातळीतले वासे टाका. फळ्यांमध्ये इंच बाय इंच वाळक्या रिपा, दर दीड फुटावर, खालपासून वरपर्यंत एकाच ओळंब्यात. रीप इकडेतिकडे सरकली की तिथेच फळी कायमची वाकते. किनाऱ्यावर वारा दुपारी समुद्राकडून आणि पहाटे जमिनीकडून येतो, म्हणून फळ्या दक्षिणोत्तर ठेवा. रिपा आपोआप पूर्व-पश्चिम पडतात आणि वारा त्यांच्यामधून आरपार जातो. फळ्यांच्या तोंडांना कापल्या दिवशीच जुना ऑइलपेंट जाड फासा, नाहीतर हातभर तडे जातील. सगळ्यात वर चिऱ्यांचे वजन द्या. तीन बाजूंनी बंद पडवीपेक्षा चारी बाजूंनी मोकळा कौलारू मांगर चांगला.

आता पीठ गळते आहे त्या फळ्या घरातल्या लाकडापासून आजच वेगळ्या करा. भुंगेरे उडून दुसऱ्या लाकडात जातात.

प्रश्न : ऑस्ट्रेलियन बाभळीच्या फळ्या मशीनवरून सुटताच धनुष्यासारख्या वाकतात. (कुडाळ)

उत्तर : जलद वाढलेल्या झाडात ताण साठलेला असतो. एकाच बाजूने फळीवर फळी काढत गेलात की तो एका बाजूने सुटतो. एक-दोन फळ्या काढा, ओंडका अर्धा फिरवा, समोरच्या बाजूने तेवढ्याच काढा, मग पुन्हा फिरवा. मधला गाभा तीन-चार इंचांचा चौकोनी ठेवून खांबासाठी वापरा, गाभा फळीत आला की फळी फाटणारच. ओंडके ६ ते ७ फुटांचेच घ्या. इंची तयार फळी हवी असेल तर १ इंच २ सूत कापा, वाळणे आणि रंधा यांत ते दोन सूत जातात.

प्रश्न : खाऱ्या हवेत ब्लेड गंजतात. कसे ठेवावे? (मालवण)

उत्तर : काम संपल्यावर ब्लेडचा ताण सोडायचाच, नाहीतर चाकांच्या वळणाशी त्याला रात्रभर ओढ बसते. साबणाचे पाणी पुसा, तेलाचा बोळा फिरवा आणि गुंडाळून बंद पिंपात ठेवा. गुंडाळी उघडताना ब्लेड स्प्रिंगसारखे उसळते. चष्मा आणि हातमोजे घाला, मोकळ्या अंगणात लांब धरून सोडा, मुलांना जवळ येऊ देऊ नका. दातांच्या खाचेत केसाएवढी चीर दिसली की ब्लेड भंगारात टाका, पुन्हा धार लावू नका.