श्रमदानासाठी येणाऱ्या पर्यटकांचा गावाला खरोखर उपयोग होतो का?

होतो, मात्र काम गावाने ठरवलेले असावे. सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात डोंगरमाथ्यावरचे सलग समतल चर (पावसाचे पाणी अडवण्यासाठी समान उंचीवर खोदलेले लांब खड्डे) किंवा शेताची बांधबंदिस्ती ही कामे पावसाळ्यापूर्वीच उरकावी लागतात. म्हणजे पाहुण्यांची गरज एप्रिल-मेमध्ये, जेव्हा पारा चाळिशी ओलांडतो आणि सकाळी नऊनंतर कुदळ हातात धरवत नाही. पर्यटक मात्र डिसेंबर-जानेवारीत, आगटीत भाजलेला हुरडा हातावर चोळून शेंगाचटणीबरोबर खायला येतात. हा हंगामी विसंवाद आधी सोडवावा: हिवाळ्यात मुक्काम आणि न्याहारीचे पैसे बचत गटाकडे जमा करावेत आणि त्यातून उन्हाळ्यातील कामासाठी यंत्राचे डिझेल व अवजारे घ्यावीत.

राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले असल्याने शेतावरील निवासाची नोंदणी करता येते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेव्हा ती पाहुण्यांना थेट विकणे सहज शक्य आहे. आठवडाभरासाठी आलेल्यांना शाळेत शिकवायला लावणे मात्र मला पटत नाही, कारण मुलांना दर सोमवारी नवा गुरुजी नको असतो. शिवाय ज्या कामावर गावातील मजुराला रोजगार मिळतो, तेथे फुकटचे हात आणू नयेत.