मार्क घसरले की एक टर्की विकायची?

पत्र (थोडक्यात): माझी मुलगी १९ वर्षांची. बारावी सायन्सला ७८ टक्के. नीट दोनदा दिली, आधी ३८७, मग ४३१. आता तिसऱ्यांदा तयारी सुरू आहे. कळमेश्वरजवळ आमचं दोन एकर शेत आहे, तिथे माझी आई राहते. मुलीने तिथे टर्की पाळल्यात. क्लास सुटला की बस पकडून तिकडेच. आईच्या ३० गावरान कोंबड्या आहेत, त्यांच्या खुराड्यात हे पक्षी मावले असते, पण हिने हट्टाने वेगळं शेड करायला लावलं. शेवटी मी शिस्त लावली: सराव परीक्षेत ५०० च्या खाली गेली की एक पक्षी विकायचा. २२ होते, १५ उरले. मार्क मात्र वाढत नाहीत. गेल्या वर्षी ती व्हेटरनरीचा अर्ज भरू म्हणत होती, मी भरू दिला नाही. गुरांचा डॉक्टर करायला दोन वर्षं क्लासची फी भरली नाही. सोबत तिच्या वहीतल्या पानाचा फोटो जोडतोय, वेळ कसा वाया जातो ते दिसेल. तिला समजावून सांगा. – एक वडील, मानेवाडा, नागपूर

नमस्कार,

पुढची सराव परीक्षा जवळ आली असेल, म्हणून आधी एवढंच सांगते: निकाल काहीही लागो, यापुढे एकही पक्षी विकू नका. आणि हे आजच तिला स्वतःच्या तोंडाने सांगा.

तुम्ही याला शिस्त म्हणता, मला ते पटत नाही. मूल अभ्यास करत नसेल तर मोबाईल काढून घेणं वेगळं. इथे तिने अंड्यातून निघालेलं पिलू हाताने वाढवलं, आणि ते जगणार की कापलं जाणार हे तिच्या केमिस्ट्रीच्या पेपरवर ठरतंय. सात वेळा ठरलं. पेपरला बसल्यावर तिच्या डोक्यात काय चालत असेल, याचा विचार करा. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकलं तर एक वजा. शांत डोक्याचं मूल येत नसलेला प्रश्न सोडून देतं. पाचशेच्या आत राहिलो तर पक्षी जाणार ही धास्ती असलेलं मूल शेवटच्या दहा मिनिटांत अंदाजाने गोळे काळे करत सुटतं. मार्क का वाढत नाहीत असं तुम्ही विचारलंय. तुमचा नियम हे त्याचं एक कारण असू शकतं.

आणखी एक विचारायचं आहे. कोणता पक्षी विकायचा हे कोण ठरवतं? पत्रात ते लिहिलेलं नाही. तुम्ही तिलाच निवडायला लावत असाल, तर कृपया तिच्यासमोर बसा आणि माफी मागा. बापाने लेकीची माफी मागितली तर काही कमीपणा येत नाही. ती जेवण टाळत असेल, रात्र-रात्र जागत असेल, एकदम गप्प झाली असेल, तर निकालापर्यंत थांबू नका. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा क्रमांक १४४१६ आहे, तिथे मराठीतून बोलता येतं. तुम्ही स्वतःसुद्धा बोलू शकता.

आता त्या पानाबद्दल. वेळ वाया जातो याचा पुरावा म्हणून तुम्ही ते पाठवलंत. तुमच्या पाकिटातला सगळ्यात महत्त्वाचा कागद तोच आहे.

डाव्या बाजूला तारखा आहेत. त्यापुढे पहिला आठवडा ३५, दुसरा ३२, तिसरा २९. हे बल्बखालचं तापमान. शेजारी दोन गोल काढलेत, एकात ठिपके मधोमध दाटलेले, दुसऱ्यात कडेला पांगलेले. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर त्यांना थंडी वाजते, कडेला पळाली तर उकडतंय. खाली तिने लिहिलंय: "कागद काढला, पाय फाकतात. धानाचं तूस टाकलं." त्याखाली: "तीन पिल्लं दाणा टिपत नाहीत. पाण्यात रंगीत गोट्या टाकल्या. चोच बुडवून दाखवली. संध्याकाळी दोन टिपायला लागली. एक मेलं."

टर्कीच्या पिलांचं हेच अवघड असतं. कोंबडीचं पिलू आपसूक टिपायला लागतं, टर्कीचं पिलू दाण्यापाण्याच्या शेजारी उभं राहून उपाशी मरू शकतं. चमकणारं, रंगीत काही दिसलं की ते चोच मारतं, म्हणून पाण्यात गोट्या टाकायच्या. गुळगुळीत कागदावर त्याचे पाय घसरून कायमचे अधू होतात. पानाच्या तळाशी खाद्याचा हिशोब आहे. पहिल्या चार आठवड्यांत टर्कीला साधारण २८ टक्के प्रथिनांचं खाद्य लागतं, आणि बाजारात कोंबडीच्या पिलांचं मिळतं ते वीस-बावीस टक्क्यांचं. त्यात सोयाबीनची ढेप आणि मासळीचा चुरा किती मिसळायचा हे तिने तिरक्या रेघांच्या चौकटीत मांडलंय. पशुपोषणाच्या वर्गात हीच पद्धत शिकवतात. तिने ती स्वतः शोधून काढून वापरली, आणि मेलेल्या पिलाची नोंदही लपवली नाही. इतकं प्रामाणिक टिपण करणारी मुलं माझ्याकडे फार कमी येतात.

शेडबद्दल तुमचा मोठा गैरसमज आहे, आणि तो फार जणांचा असतो. टर्की म्हणजे थोराड कोंबडी नव्हे. कोंबड्यांबरोबर ठेवली तर तिला ब्लॅकहेड नावाचा रोग गाठू शकतो. हिस्टोमोनास हा एकपेशीय परजीवी तो घडवतो, आणि तो येतो कोंबडीच्या आतड्यातल्या बारीक जंताच्या अंड्यांतून. कोंबडी हे जंत पोटात घेऊन मजेत हिंडत असते, तिच्या विष्ठेतून ती अंडी जमिनीत उतरतात आणि वर्षानुवर्षं तिथेच टिकतात. गांडुळांच्या पोटातही राहतात. टर्कीने ते गांडूळ खाल्लं, किंवा नुसती ती माती टोचली, की परजीवी तिच्या आतड्यात आणि तिथून यकृतात. विष्ठा गंधकासारखी पिवळी होते, पक्षी पंख पाडून, डोळे मिटून उभा राहतो, आणि अर्धा कळप जायला वेळ लागत नाही. खात्रीचं औषध नाही. म्हणून जागा वेगळी, चरायची जमीन वेगळी, भांडी वेगळी, शक्य तर आत जायच्या चपलासुद्धा वेगळ्या. तुमच्या मुलीने ज्या हट्टाने ते शेड बांधून घेतलं, त्या हट्टानेच उरलेले १५ पक्षी जिवंत आहेत. आजींच्या कोंबड्या त्या बाजूला सोडत असाल तर तेही थांबवा.

आता मुलीच्या बाजूनेही स्पष्ट बोलते, कारण हे उत्तर तीही वाचेल असं मी धरून चालले आहे. १५ पक्ष्यांवर पोट भरत नाही, दीडशेवरही सहज भरणार नाही. टर्कीची मादी तिसाव्या आठवड्याच्या आसपास अंड्यावर येते आणि वर्षाला ६० ते १०० अंडी देते. अंडं उबायला २८ दिवस. मांसाला गिऱ्हाईक आहे, पण नाताळच्या सुमारास, थोड्या हॉटेलांत, मोठ्या शहरांत. नागपूरच्या आठवडी बाजारात माणूस गावरान कोंबडा मागतो. व्हिडिओत "टर्कीतून लाखो" सांगणाऱ्या आणि पक्षी परत विकत घेण्याची हमी देणाऱ्या कुणालाही शेताच्या फाटकाच्या आत घेऊ नका. इमूचं काय झालं ते आठवा: २०१२ मध्ये तमिळनाडूतल्या पेरुंदुराईची कंपनी बुडाली आणि हजारो गुंतवणूकदार रस्त्यावर आले. २०१९ मध्ये आपल्याच सांगली जिल्ह्यात कडकनाथ या काळ्या कोंबडीच्या नावाने तसंच घडलं. पक्षी नवा, करार तोच. टर्की जोडधंदा म्हणून ठीक आहे, शिकण्यासाठी तर उत्तमच. पण "मी शिक्षण सोडून शेड वाढवते" असं ती म्हणत असेल, तर त्याला माझी साथ नाही.

व्हेटरनरीचा अर्ज भरू न देणं ही मात्र तुमची चूक झाली. नागपूरचं पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ पासून तुमच्या शहरात आहे, माफसूचं, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं, मुख्यालयही इथेच आहे, आणि प्रवेश त्याच नीटच्या गुणांवर होतो. शासकीय जागा थोड्या आहेत, ४३१ वर नंबर लागलाच असता असं मी म्हणत नाही. पण अर्जच भरला नाही तर नंबर लागणार कुठून? "गुरांचा डॉक्टर" या शब्दांत जो हलकेपणा आहे, तो सोडा. मार्च २०२४ मध्ये नागपूरच्याच सरकारी अंडी उबवणी केंद्रात बर्ड फ्लू निघाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नागपूरच्याच गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट त्याच रोगाने गेले. तो रोग माणसांच्या वस्तीत शिरू नये म्हणून नमुने घेणारे, परिसर सील करणारे लोक पशुवैद्यक होते.

बाकीचे रस्ते तुम्हाला माहीत असतील: सीईटीवरून बीएस्सी कृषी किंवा मत्स्यविज्ञान, आणि कुठल्याही पदवीबरोबर करता येईल असा इग्नूचा कुक्कुटपालनाचा सर्टिफिकेट कोर्स.

तिला एमबीबीएससाठी तिसऱ्यांदा बसवावं का? ती स्वतः म्हणाली तर बसू द्या. तुमच्या अख्ख्या पत्रात तिला काय हवंय याचं एकच वाक्य आहे, "व्हेटरनरीचा अर्ज भरू म्हणत होती", आणि तेही तक्रारीच्या सुरात. माझा कल उघड आहे: यंदा नीट द्यायचीच असेल तर ती पशुवैद्यक डोळ्यांसमोर ठेवून द्यावी, आणि सोबत सीईटीचा फॉर्मही भरावा. पण वही वाचून तिचं आयुष्य मी ठरवू नये, तुम्हीही ठरवू नये. तिने एखाद्या दिवशी व्हेटरनरी कॉलेजच्या दवाखान्यात जाऊन यावं. गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालावा लागतो, शवविच्छेदन करावं लागतं, मालक शिव्या देतात. ते पाहूनही तिला हेच करावंसं वाटलं तर प्रश्न मिटला. नाही वाटलं तरी वर्ष वाचलं.

नीट मे महिन्याच्या सुरुवातीला असते आणि नेमकं तेव्हाच नागपूर तापलेलं असतं. जड पक्ष्याला पंचेचाळीस अंशांचं ऊन सोसत नाही, दुपारी पाण्याविना राहिला तर तो धापा टाकून मरू शकतो. त्या दोन महिन्यांची जबाबदारी तिच्यावर नको आणि आजींवर एकट्याने नको. गावातला एखादा मुलगा पगारी ठेवा. टिनावर चुन्याचा हात मारून वर तणसाचा थर द्या, पश्चिमेच्या बाजूला ओलं गोणपाट लावा, पाणी सकाळी, दुपारी आणि चार वाजता बदला. मुंगूस शिरतं तिथे जाळी बारीक हवी. मार्चनंतर नवी पिल्लं आणू नका. हे सगळं मी सांगायच्या आधी तिला विचारा, तिची यादी माझ्यापेक्षा मोठी निघेल. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. तुमच्या पाकिटात नको, वेगळ्या पाकिटात, तुम्ही न वाचलेलं.