ठाणे–ऐरोली लोकलमध्ये लॅपटॉप चोरीला गेला, तर एन्क्रिप्शन डेटा वाचवतं का?

तुमचा प्रश्न असा आहे : रोज ठाण्याहून ऐरोलीला लॅपटॉप घेऊन जाता, त्यात अशिलांची आयकराची कागदपत्रं आहेत, विंडोजला पासवर्ड आहे. मग डिस्क एन्क्रिप्ट करायला हवी का, म्हणजे किल्लीशिवाय तिच्यातलं काही वाचताच येणार नाही असं करायला हवं का, आणि केली तर ते एन्क्रिप्शन कोणी फोडू शकत नाही ना?

करायलाच हवी. चोरीपुढे विंडोजच्या पासवर्डचा काही उपयोग नाही. मी नौपाड्यात लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो. मागचं झाकण उघडायचं, एसएसडीचा, म्हणजे आतल्या डिस्कचा, एक स्क्रू काढायचा, ती यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावायची. डेस्कटॉप, डाउनलोड्स, सगळं समोर येतं. फार तर परवानगी नसल्याचा मेसेज येतो, तोही एका क्लिकवर बाजूला होतो. डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं स्वतःचं एन्क्रिप्शन, असेल तर मात्र ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागणारी चौकट येते. ती की नसेल तर आम्हा दुरुस्तीवाल्यांनाही तिथे हात टेकावे लागतात.

बिटलॉकर ज्या पद्धतीने मजकूर कुलूपबंद करतं ती एईएस पद्धत फोडायचा व्यवहारात चालणारा मार्ग आजवर जाहीर झालेला नाही. हल्ले होतात ते किल्लीवर. लॅपटॉप चालू असताना किल्ली रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, असते, आणि नुसतं झाकण मिटून स्लीपमध्ये टाकला तरी ती तिथेच राहते. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं, की वीज गेल्यावरही रॅममधला मजकूर काही सेकंद टिकतो आणि चिप गार केली तर काही मिनिटं. लोकलमधला पाकीटमार एवढं करत बसणार नाही, पण कागदपत्रांसाठीच कोणी मागावर असेल तर करू शकतो. म्हणून ऑफिसातून निघताना शट डाउन करा, निदान हायबरनेट (चालू काम डिस्कवर साठवून बंद) तरी करा. विंडोज प्रो असेल तर सुरू होतानाच पिन मागेल अशी सोय लावा. पिन नसेल तर टीपीएम, म्हणजे लॅपटॉपमधली किल्ली सांभाळणारी चिप, आपणहून किल्ली देऊन टाकते, आणि काही जुन्या मॉडेल्समध्ये चिपपासून प्रोसेसरकडे जाताना ती तारांवरून टिपताही येते.

आता जे माझ्याकडे जास्त पाहायला मिळतं ते सांगतो. पावसाळ्यात बॅगेत पाणी शिरून लॅपटॉपचा मदरबोर्ड जातो. बोर्ड बदलला की टीपीएमही बदलतं आणि विंडोज रिकव्हरी की मागतं. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करताच एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं, मालकाला पत्ताही नसतो. खातं कोणत्या ईमेलवर उघडलं होतं हेच आठवत नसलेली माणसं समोर बसतात, आणि त्यांच्या मुलांचे फोटो आम्हाला काढून देता येत नाहीत. फार वाईट वाटतं. तेव्हा आज रात्रीच त्या खात्यात जाऊन की शोधा, कागदावर लिहा आणि घरी कपाटात ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत नको.

वेगाची काळजी सोडा, गेल्या दहा वर्षांतल्या बहुतेक प्रोसेसरमध्ये एईएससाठी वेगळी सोय असते.

व्हायरसपासून मात्र यातलं काही वाचवत नाही, कारण तुम्ही लॉगिन केलेलं असताना डिस्क त्यालाही उघडीच दिसते. आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच बॅगेत नेत असाल तर तिलाही बिटलॉकर लावा.